लाकडी विमानाचे किट : काय दिले, काय राखले

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून भाची सुट्टीसाठी परभणीला आली, तेव्हा तिच्या सामानात दोन खोकी होती. दोन्हींवर 'लाकडी विमानाचे किट' अशाच अर्थाचा इंग्रजी मजकूर छापलेला होता. पहिल्यात प्लायवूडचे पातळ पत्रे होते. यंत्राने कापलेले तुकडे बोटाने दाबून सोडवायचे, खाचेत खाच बसवायची, की झाले. दुसऱ्यात बाल्सा लाकडाच्या काड्या, थोडे कापीव पत्रे, पातळ कागद, रबराचे वेटोळे, प्लॅस्टिकचा पंखा आणि घडी घातलेला एक मोठा आराखडा होता. पहिले विमान तिने त्याच संध्याकाळी पुरे करून टेबलावर उभे केले. दुसऱ्याला आम्हा दोघांना अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत तिने मला किमान पन्नास वेळा विचारले असेल, "मामा, हे उडेल ना?" पहिल्या विमानाबद्दल हा प्रश्न तिने एकदाही विचारला नाही.

मी महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवतो. विमानविद्या हा माझा प्रांत नव्हे. तरीही त्या न विचारलेल्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या या दोन वस्तूंत नेमका फरक कोणता? सोप्या-अवघडाचा, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. किटची प्रतवारी त्यात किती दिले आहे यावरून करू नये. करणाऱ्यासाठी कोणते निर्णय राखून ठेवले आहेत, आणि निर्णय चुकला तर ते त्याला कशावरून कळणार आहे, यावरून करावी, असे माझे मत झाले आहे. हा निकष मला विमानांपेक्षा माझ्या वर्गासाठी अधिक हवा आहे. पण आधी विमाने.

लाकडी विमानांच्या किटांचे पहिले मोठे विभाजन म्हणजे न उडणारी आणि उडणारी. न उडणाऱ्यांत वर सांगितलेले खाचांचे कोडे येते, तसेच घन लाकूड तासून केलेली प्रमाणबद्ध प्रतिकृतीही येते. ही दुसरी जात हलकी समजण्याचे कारण नाही. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून लढाऊ विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या होत्या. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाच्या या प्रतिकृती आकाशात धरून शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे सैनिकांना ओळखायला शिकवीत. तिथे पंखाचा कोन चुकणे म्हणजे ओळख चुकणे होते. तेव्हा उडत नाही म्हणून एखादी प्रतिकृती निरर्थक ठरत नाही. तिला ताडून पाहणारे काही बाहेर आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. खाचांच्या कोड्याला तसे काहीच नसते. तुकडा बसला की काम संपले, आणि तो बसणारच असतो.

उडणाऱ्यांत सर्वांत साधे म्हणजे हाताने फेकायचे ग्लायडर. बाल्साच्या पत्र्याचे पंख, शेपटीचे दोन तुकडे, धडाची एक काडी आणि नाकाला लावायला चिकणमातीची वा शिशाची गोळी. जोडणीला पाच मिनिटे पुरतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण एक तृतीयांशावर दोन बोटे टेकवून विमान तोलायचे. नाक वर जात असेल तर पुढचे वजन वाढवायचे, नाक खाली जात असेल तर कमी करायचे. मग फेकून पाहायचे. ते वर चढून मध्येच अडखळले आणि पडले तर एक चूक, सरळ जमिनीत घुसले तर दुसरी, एका अंगाला वळले तर तिसरी. किट स्वस्त आणि सुटसुटीत असले तरी त्याने तोल साधण्याचा निर्णय आपल्यावर सोडलेला असतो, आणि जमीन कोणाची भीड बाळगत नाही.

त्यानंतरची पायरी रबराच्या शक्तीवर उडणाऱ्यांची. हिचा इतिहास मोठा आहे. १८७१ साली आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्वीलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान अकरा सेकंद उडवून दाखवले. पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले, बूच, बांबू आणि कागदाचे एक उडते खेळणे १८७८ साली राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी आणून दिले. मुलांनी त्याच्या नकला केल्या. नक्कल मोठी करत गेले तसतशी ती वाईट उडते, हेही त्यांना तेव्हाच दिसले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण झाले ते बारा सेकंदांचे. पेनोच्या खेळण्यापेक्षा एका सेकंदाने अधिक, पण त्या एका सेकंदात माणूस होता.

आमचे दुसरे खोके याच वंशातले, पण त्याच्या पुढच्या शाखेचे, म्हणजे सांगाडा बांधून त्यावर कागद चढवण्याच्या जातीचे होते. यात आराखडा खऱ्या मापाचा असतो. तो मऊ फळीवर पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घालायचे, आणि रेषेवर रेषा ठेवून बाल्साच्या काड्या टाचण्यांनी धरून डिंकाने जोडायच्या. धडाची एक बाजू झाली की तिच्यावरच दुसरी बांधायची, म्हणजे दोन्ही सारख्या होतात. पंखात फासळ्या बसवायच्या, वर पातळ कागद चिकटवायचा, त्यावर पाण्याचा फवारा मारायचा. वाळताना कागद आकसून ढोलकीच्या कातड्यासारखा ताणतो. मग त्यावर डोप नावाचे पातळ लुकण लावतात.

या जातीतही तीन पिढ्या आहेत. सर्वांत जुन्या किटांत लाकडावर तुकड्यांच्या रेषा नुसत्या छापलेल्या असत. पात्याने कापणे तुमचे काम. पुढे साच्याने ठोकून कापलेले तुकडे आले. साचा बोथट असला की लाकूड कापले जाण्याऐवजी चेंगरायचे. आता लेझरने कापलेले तुकडे येतात, ते केसाइतके अचूक असतात. जुने छांदिष्ट या शेवटच्या प्रकाराकडे पाहून हळहळतात. हातचे काम गेले म्हणतात. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. लेझरने आपले श्रम घेतले, निर्णय घेतले नाहीत. काड्या कोणत्या निवडायच्या, सांधा किती घट्ट करायचा, पंखांना टोकाकडे किती उठाव द्यायचा, टाचण्या कधी काढायच्या, वजन कुठे वाढवायचे, हे सारे अजून करणाऱ्याकडेच आहे. याउलट रेडिओवर चालणाऱ्या विमानांत 'जवळजवळ तयार' म्हणून जो प्रकार मिळतो, त्यात पंख बांधून, मढवून, रंगवून येतात. आपण फक्त स्क्रू पिळायचे. तिथे श्रमांबरोबर निर्णयही गेलेले असतात. उडवण्याचे कौशल्य तेवढे उरते, आणि तेही मोठेच आहे. पण बांधणाऱ्याचे शिक्षण तिथे संपते. दोन तारांनी बांधून स्वतःभोवती गोल फिरवायच्या विमानांचा वर्ग या दोहोंच्या मधला. त्याला इंजिनाचा धक्का सोसणारे कठीण लाकूड आणि प्लायवूड लागते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत ज्यांनी दिवस काढले, त्यांतल्या अनेकांनी ही घरघर ऐकलेली असेल.

बाल्साविषयी थोडे सांगितले पाहिजे. हे दक्षिण व मध्य अमेरिकेतले झाड. जगाचा बहुतेक पुरवठा इक्वेडोरमधून होतो. पाच-सात वर्षांत ते तोडण्याजोगे वाढते. त्याच्या एका घनमीटरचे वजन साधारण शंभर ते दोनशे किलो भरते. तेवढ्याच पाण्याचे हजार किलो. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. खोडातून ज्या दिशेने फळी काढली तिच्यावरून ती लवचीक होते की ताठ, हे ठरते. वाकवायला लवचीक हवी, फासळ्यांना ताठ. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात बाल्सा, आपली काटेसावर, भेंडी आणि कापूस ही सगळी एकाच कुळातली आहेत. मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या पाहत वाढलेल्या माणसाला हे वाचून परके लाकूड एकदम सोयरे वाटू लागते. काटेसावरीचे हलके लाकूड आपल्याकडे आगकाड्यांसाठी वापरत आले आहेत. आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या भांडवलावर अरविंद गुप्तांनी मुलांसाठी किती खेळणी रचली, हे पुण्याच्या आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका ज्यांनी पाहिली त्यांना वेगळे सांगायला नको.

आता आमच्या अकरा दिवसांकडे येतो. पहिली अडचण डिंकाची नव्हती, शब्दांची होती. सूचनापत्र इंग्रजीत, भाचीला इंग्रजी येते, पण भागांची नावे तिलाही अनोळखी. आम्ही आमची नावे द्यायला लागलो. पंखातला मुख्य आडवा दांडा म्हणजे तुळई. धडाच्या आडव्या पट्ट्या म्हणजे चौकटी. त्यांवरून लांब जाणाऱ्या बारीक काड्या म्हणजे पतंगाच्या असतात तशा कामट्या. 'तुळई आधी, फासळ्या मग' असे वाक्य तयार झाले आणि काम भराभर चालू लागले. हे शब्द आम्ही घडवले नाहीत. माळवदाच्या घरांतून, पतंगांतून, अंगातल्या हाडांतून ते हाताशी होतेच. गंमत अशी, की यातले अर्धे तिने घरात कधी ऐकले नव्हते, आणि मी ते तीस वर्षांत उच्चारले नव्हते. वाकस, पटाशी, किकरे, रंधा हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात असतील. आमच्या तोंडात नाहीत. वस्तू करणे थांबले की शब्द पुस्तकात जाऊन बसतात. भाषा मरते आहे म्हणून सभा घेणाऱ्यांनी या बाजूनेही थोडा विचार करावा.

दुसरी चूक माझी. एप्रिलमधल्या परभणीच्या उन्हात कागद पाहता पाहता वाळतो. वाळला म्हणून मी डाव्या पंखाच्या टाचण्या काढल्या. वर वाळलेला दिसणारा कागद अजून आकसत होता. सकाळी पाहिले तर पंख पिळलेल्या फडक्यासारखा मुरडला होता. कागद फाडून पुन्हा चढवला. त्यात दोन दिवस गेले.

त्या दोन दिवसांत मला धांड्याची आठवण झाली. रब्बी ज्वारी निघाली की आमच्या लहानपणी कडब्याच्या गंजीजवळ पोरांचा कारखाना चाले. धांड्याचे दोन पेरांमधले सरळ कांडे निवडायचे, दातांनी साल सोलायची. आत पांढरे, हलके भेंड. भेंडाचे तुकडे करून त्यांत सालीच्याच टोकदार काड्या खुपसायच्या. याची बैलगाडी होई, बैल होत, चष्मा होई. आणि कधीतरी वरून एखादे विमान रेघ ओढत गेले, की विमानही होई. या जिल्ह्यात प्रवासी विमान कधी उतरलेले नाही. तरी आमच्याकडे विमाने पुष्कळ होती. हलका गाभा आणि ताठ साल, दोन्ही एकाच काडीत. धांडा हे आमचे किट होते. त्यात आराखडा सोडून सगळे दिलेले होते. पण एवढे कबूल केले पाहिजे, की ती विमाने आम्ही हातात धरून पळवली. ती कधी उडाली नाहीत. कशी उडतील, हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही आणि आमचा आम्हालाही पडला नाही. धांड्याचे गोडवे गाऊन बाल्साला परके ठरवणे म्हणून मला जमणार नाही. गाभा आमच्याकडे होता, ताडून पाहण्याची रीत नव्हती.

ही रीत नसली की काय होते, याचे एक उदाहरण आपल्या मराठी जगातच आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. तिला तत्कालीन विश्वसनीय पुरावा मिळालेला नाही. अशा कथांच्या पाठीशी ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईतल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. तळपदे यांच्या हौसेचा मला आदरच आहे. त्यांच्या काळात मुंबईच्या एका माणसाला उडण्याचा ध्यास लागावा, हे थोडे नव्हे. पण त्या ध्यासाचा मान राखायचा तर सात सेकंद खरोखर उडणारे खेळणे हे शंभर वर्षे न उडालेल्या विमानापेक्षा जवळचे मानावे लागेल.

भाषेच्या विद्यार्थ्यांना यात आणखी एक गोष्ट दिसावी. 'विमान' हा शब्द मापणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. चरकसंहितेत 'विमानस्थान' नावाचा संपूर्ण भाग आहे. त्यात आकाशयाने नाहीत. दोष, औषधे, आहार यांच्या परिमाणाचा विचार आहे. देवळाच्या गाभाऱ्यावरच्या बांधकामालाही विमान म्हणतात, तेही मोजून रचलेले म्हणूनच. आपण या शब्दातली भरारी उचलली आणि माप सोडून दिले, असे मला अनेकदा वाटते.

वर्गाकडे वळतो. आपल्या परीक्षांसाठी जी मार्गदर्शके निघतात, ती खाचांच्या कोड्यासारखी आहेत. मध्यवर्ती कल्पना, सौंदर्यस्थळे, अलंकार, कवीचा जीवनविषयक दृष्टिकोन, सगळे तुकडे कापलेले. विद्यार्थी ते सोडवतो, उत्तरपत्रिकेत बसवतो, आणि उत्तर टेबलावर उभे राहते. त्याला गुण मिळतात. 'हे उडेल ना?' असे कोणी विचारत नाही, कारण पडण्याचीच सोय नसते. यावर माझे अनेक सहकारी दुसरे टोक गाठतात: मुलांना काहीच देऊ नका, कविता त्यांच्यापुढे टाका आणि त्यांना झगडू द्या. ही छापील रेषांच्या जुन्या किटाची हळहळ झाली. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शब्दाचा अर्थ माहीत नसणे ही अभिरुचीची कसोटी नव्हे. तो श्रमाचा भाग आहे आणि तो वाचवायला हरकत नाही.

गेल्या वर्षी मी जनाबाईंचे काही अभंग शिकवताना असे करून पाहिले. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले. तरी मुलांना भाषा अवघड जाते. मी सगळ्या जुन्या शब्दांचे अर्थ, संदर्भ, कोण कोणाला उद्देशून बोलते आहे, हे आधीच छापून दिले. आशय मात्र एका ओळीतही दिला नाही. पहिला तास शांततेत गेला. दुसऱ्या तासाला एका मुलीने विचारले, की देव दळायला हात लावतो, पण दळण कमी झाले असे कुठे म्हटले आहे का? आम्ही सगळ्यांनी पुन्हा ओळी वाचल्या. दोघांनी तिला विरोध केला, त्यांनाही ओळ दाखवावी लागली. एकाला दाखवता आली नाही, तो थांबला. त्या तासात भक्ती, समर्पण हे शब्द फार उशिरा आले, आणि आले तेव्हा कमावून आले.

इथे विमानाची उपमा लंगडी पडते, हे मान्य केले पाहिजे. चुकीचे विमान आपण होऊन पडते. चुकीचे वाचन वर्षानुवर्षे सन्मानाने उभे राहू शकते. साहित्यात जमीन नसते. ती शिक्षकाला तयार करावी लागते: मोठ्याने वाचून, ओळीशी ताडून, 'हे कुठे आहे, दाखव' असे न चिडता पुनःपुन्हा विचारून. हे काम कोणत्याही मार्गदर्शकात बसत नाही, आणि 'प्रत्येकाचा अर्थ वेगळा' या सोयीच्या वाक्यातही बसत नाही.

एक आक्षेप मला दिसतो आहे. ज्या भागात पाऊस आणि पीक यांचीच खात्री नाही, तिथे इक्वेडोरच्या लाकडाची खेळणी आणि फुरसतीची अकरा दिवसांची चर्चा ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. चैन आहे, हे खरे. पण खाचांचे कोडेही फुकट येत नाही, आणि मार्गदर्शक तर फी भरू न शकणाऱ्या घरांतलाच विद्यार्थी अधिक विकत घेतो. चैन परवडत नाही म्हणून त्याला न उडणारी वस्तू द्यावी, हा न्याय मला कळत नाही. चिकणमातीची गोळी लावलेले फेकायचे ग्लायडर शाळेच्या एका वर्गाला पुरेल इतके स्वस्त करता येते. त्याचा आराखडा खऱ्या मापाचा आणि सूचना मराठीत असाव्यात, एवढीच अट. तुळई, फासळी, कामटी हे शब्द तिथे घालता येतील.

बाराव्या दिवशी पहाटे, वारा सुटण्याआधी, आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेलो. पहिल्या खेपेला विमान नाकावर आपटले. आम्ही नाकातली चिमूटभर माती काढली. दुसऱ्या खेपेला ते उभे चढले, थबकले आणि मागे कोसळले. काढलेल्यातली निम्मी माती पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला ते सात सेकंद उडाले आणि डावीकडे वळून ढेकळांत टेकले. डावीकडेच का, हे मला ठाऊक होते. पुन्हा मढवलेला पंख अजून थोडा मुरडलेला होता. भाचीने ते उचलले, पंखाकडे डोळा लावून पाहिले आणि म्हणाली, "मामा, टाचण्या लवकर काढल्या तुम्ही."